हायड्रॉलिक क्लच : दुरुस्ती आणि हवा काढण्याची रीत

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलाची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवण्याचे काम केबलऐवजी ब्रेक ऑइल करते. पेडल दाबले की फायरवॉलवरच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो, ऑइल नळीतून खाली जाते आणि बेल हाउसिंगवर बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन बाहेर येतो. त्याचा पुशरॉड क्लच फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबतो आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते. पाय उचलल्यावर प्रेशर प्लेटची स्प्रिंगच हे सगळे मागे ढकलते. चिखलपाण्यात आणि दगडधोंड्यांत चालणाऱ्या गाडीला ही रचना मानवते. इंजिन माउंटिंगवर कितीही हलले तरी लवचीक होज ते सहन करते, आणि चिखल शिरून जाम होईल अशी केबल मुळात नसतेच. लँड रोव्हरने १९५८ सालच्या सिरीज-२ मध्ये हायड्रॉलिक क्लच वापरला. पुढे डिफेंडरमध्येही तोच राहिला. येथील विवेचन मुख्यतः एलटी-७७ आणि आर-३८० गिअरबॉक्स असलेल्या डिफेंडरला धरून आहे. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या बाहेर असलेल्या टोयोटा लँड क्रूझरच्या ४०, ६० आणि ७० मालिकांनाही त्यातले बहुतेक सारे लागू पडते.

या यंत्रणेत ऑइल किती थोडे असते हे लक्षात घेतले की तिचे दुखणे लवकर समजते. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर, स्लेव्हचा २२ मिलिमीटर आणि मास्टरच्या पिस्टनची धाव ३० मिलिमीटर आहे. पूर्ण पेडल दाबल्यावर जेमतेम साडेआठ मिलिलिटर ऑइल खाली जाते आणि स्लेव्हचा पुशरॉड सुमारे २२ मिलिमीटर सरकतो. आता नळीत फक्त एक मिलिलिटर हवा अडकली आहे असे धरू. दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होण्याइतकी आक्रसते. तेवढे ऑइल ती पोकळी भरण्यातच खर्च होते आणि स्लेव्हची धाव अडीच मिलिमीटरहून अधिक घटते. क्लच पूर्ण सुटायला हेच अडीच मिलिमीटर कमी पडतात आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. ब्रेकमध्ये एवढ्या हवेने पेडल थोडे मऊ लागते, पण गाडी थांबते. क्लचला अशी सवलत नाही.

तरीही पेडल मऊ झाले की लगेच हवा काढायला बसणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बंद यंत्रणेत हवा आपोआप येत नाही. ती कुठल्या तरी सीलमधून, सैल नटातून किंवा रिकाम्या झालेल्या टाकीतून शिरते. ती वाट बंद न करता हवा काढली तर क्लच काही दिवस ठीक चालतो आणि मग नेमका घाटात किंवा नदीच्या पात्रात दगा देतो. म्हणून आधी निदान करावे आणि मगच पाना हातात घ्यावा.

निदानाची सुरुवात टाकीपासून करावी. क्लचच्या टाकीतली पातळी प्लेट झिजली म्हणून खाली जात नाही. बाहेरच्या स्लेव्हच्या बहुतेक गाड्यांत प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन आत सरतो आणि पातळी किंचित वरच येते. पातळी उतरली असेल तर गळती आहे, एवढे निश्चित. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले की ऑइल पुशरॉडवरून ओघळत पेडल बॉक्समध्ये आणि तिथून चालकाच्या पायांशी येते. त्यामुळे बॉनेट उघडून काहीच दिसले नाही तरी पायाशी असलेले मॅटिंग उचलून बघावे. स्लेव्ह गळत असेल तर त्याच्या डस्ट बूटमध्ये ऑइल साठते. बूटची कड हलकेच उचलून पाहावी. आत नुसता ओलसरपणा असणे वेगळे आणि थेंब पडणे वेगळे. थेंब पडला तर सील गेलेले आहे.

लँड रोव्हरच्या बेल हाउसिंगला खाली एक भोक असते. खोल पाण्यातून जाण्याआधी त्यात वेडिंग प्लग बसवायचा असतो आणि पाण्याबाहेर आल्यावर काढायचा असतो. या भोकातून काय गळते यावरून बरेच कळते. काळे, बुळबुळीत तेल इंजिनाच्या मागच्या सीलकडे बोट दाखवते. पातळ, पाण्याने सहज धुतले जाणारे आणि रंगावर पडले तर रंग फुगवणारे द्रव ब्रेक ऑइल होय. प्लग काढायचा विसरला तर यातले काहीच खाली येत नाही. ते आतच साठून क्लच प्लेट खराब करते, म्हणून पाण्यातून आल्यानंतर प्लग काढणे ही सक्तीची सवय असावी.

पेडलाची वागणूकही नीट पाहावी. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर क्लच वर धरू लागला तर यंत्रणेत हवा आहे किंवा मास्टरचे सील दमले आहे. पेडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू पुढे सरकू लागली आणि बाहेर कुठेही गळती नसली तर मास्टरच्या पिस्टनवरचे मुख्य सील आतल्या आत ऑइल मागे सोडते आहे. पेडल घट्ट आहे, टाकी भरलेली आहे आणि तरीही क्लच सुटत नाही, अशा वेळी संशय हायड्रॉलिकवरून काढून यांत्रिक भागांवर न्यावा.

हा संशय खरा की खोटा, हे एका मोजमापाने ठरते. एकाने पेडल पूर्ण दाबायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली जाऊन स्लेव्हचा पुशरॉड किती सरकतो ते पट्टीने मोजायचे. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले, आणि गाडी उचलली असेल तर ती पक्क्या स्टँडवर टेकवलेली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली, विशेषतः हाय-लिफ्ट जॅकवरच्या, कोणीही जाऊ नये. मोजलेली धाव त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावी. धाव पुरेशी असूनही क्लच सुटत नसेल तर हायड्रॉलिकला हात लावण्याची गरज नाही. डिफेंडरमध्ये अशा वेळी पहिला आरोपी क्लच फोर्क असतो. तो दाबलेल्या पत्र्याचा असतो आणि पिव्होट बॉलवर घासून घासून बॉल त्यातून आरपार जातो. दुसरी शक्यता पावसाळ्यानंतर दिसते. पाण्यातून जाऊन आलेली गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. लक्षणे हवेसारखीच असतात, पण पुशरॉड पूर्ण सरकत असतो. फोर्क बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पट्टीने मोजायला जातात ती पाच मिनिटे, आणि विनाकारण नवा मास्टर सिलिंडर घेण्याचा खर्च वाचतो.

धाव कमी भरली तर होजही तपासावा. पेडल दाबताना रबरी होज हाताला फुगल्यासारखा जाणवला तर ऑइलचा काही भाग तिथेच मुरतो आहे. उलट प्रकारही होतो. होजचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे वागते, ऑइल खाली जाते पण परत येत नाही, आणि पाय काढल्यावरही क्लच स्लिप होत राहतो. मास्टर ज्यावर बसतो तो पत्रा पेडल दाबताना वाकतो का, त्याला तडा गेला आहे का, हेही बघून घ्यावे. जुन्या, खडतर वापरलेल्या गाड्यांत ही शक्यता खरी असते.

ऑइलची निवड सोपी आहे, पण तिथली चूक महागात पडते. डॉट-३, डॉट-४ आणि डॉट-५.१ ही ग्लायकॉलवर्गीय ऑइले आहेत. डिफेंडरला डॉट-४ चालते. डॉट-५ हे सिलिकॉनचे असते आणि ते यांच्यात मिसळू नये. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल यांचा एक थेंबही या यंत्रणेत जाता कामा नये. खनिज तेलाने यातले रबर फुगते आणि मग मास्टर, स्लेव्ह आणि होज, तिन्ही बदलावे लागतात. ग्लायकॉल ऑइल हवेतली वाफ शोषून घेते. नव्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी मानकात बसतो. कोकणातल्या दमट हवेत अर्धी वापरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. हेच पाणी सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पाडते आणि त्या खड्ड्यांवरून घासून सील फाटते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलले तर सिलिंडर उघडण्याची वेळ फार उशिरा येते.

स्लेव्ह काढण्याआधी त्याच्या भोवतालचा चिखल ब्रशने आणि पाण्याने पूर्ण धुऊन कोरडा करावा. ऑफ-रोड गाडीत ही पायरी टाळली की वाळूचा कण आत जातो आणि नवे सील पहिल्याच आठवड्यात चिरते. नळीचा नट साध्या पान्याने सोडवू नये. नट मऊ असतो, त्याची टोके गोल होतात. ब्रेकच्या नळ्यांसाठी मिळणारा फ्लेअर-नट पाना वापरावा, आणि नट गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. होज पिळला जाणार नाही याकडे लक्ष असावे. त्यानंतर बेल हाउसिंगवरचे दोन बोल्ट काढून स्लेव्ह सरळ बाहेर ओढायचा. डिफेंडरमध्ये पुशरॉड फोर्कला प्लास्टिकच्या क्लिपने अडकवलेला असतो. तो तिथेच राहिला पाहिजे. क्लिप तुटून तो आत पडला तर काम एका तासावरून एका दिवसावर जाते. स्लेव्ह सुटा असताना पेडलाला कोणी पाय लावू नये, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो.

मास्टरसाठी आधी टाकीतले ऑइल सिरिंजने उपसून घ्यावे आणि खाली जाड फडके पसरावे. ग्लायकॉल रंग उतरवते. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नुसते पुसून भागत नाही. डिफेंडरमध्ये मास्टर पेडल बॉक्समध्ये बसतो. तो जागेवर धडपडत काढण्यापेक्षा आख्खा पेडल बॉक्स बाहेर काढून टेबलावर काम करणे शहाणपणाचे आहे. वेळ तेवढाच लागतो आणि पेडलाचे बुश, परतीची स्प्रिंग, गंजलेला पत्रा हेही पाहून होते.

आता प्रश्न नव्या सीलचे किट टाकायचे की नवा सिलिंडर घ्यायचा. सर्कलिप काढून पिस्टन बाहेर घ्यावा. अडकला असेल तर सायकलच्या पंपाने हळू हवा द्यावी, तोंड फडक्याने झाकलेले असावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. कॉम्प्रेसरची पूर्ण हवा सोडली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो. सिलिंडर स्पिरिटने धुऊन आतून उजेडात बघावा आणि नखाने चाचपावा. नुसता डाग असेल तर हरकत नाही. नख अडकेल असा खड्डा किंवा ओरखडा असेल तर नवे सील तिथे टिकणार नाही. बिडाच्या सिलिंडरला अगदी बारीक होनिंग चालते. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण थर दिलेला असतो, तो घासला की सिलिंडर संपला. स्लेव्ह चिखलाच्या तोंडाशी असतो आणि नवा फारसा महाग नसतो, त्यामुळे शंका असेल तर तो बदलावा. मास्टरला मात्र चांगल्या अवस्थेत किट टाकणे अगदी योग्य आहे.

किट बसवताना प्रत्येक भाग ताज्या ब्रेक ऑइलने ओला करावा. ग्रीस लावायचेच तर रबर ग्रीस. साधे ग्रीस, डिझेल, पेट्रोल कशालाही इथे जागा नाही. सीलची पातळ ओठासारखी कड नेहमी दाबाच्या बाजूला तोंड करून बसते. जुने सील काढण्यापूर्वी फोनवर फोटो काढून ठेवला की दिशेबद्दल वाद राहत नाही. पिस्टन आत घालताना कड दुमडू नये म्हणून तो थोडा फिरवत, बोटाने ढकलत न्यावा, स्क्रूड्रायव्हरने नव्हे. जोडणीत तांब्याचे वॉशर असतील तर ते दर वेळी नवे टाकावेत. जुना, दबलेला वॉशर सूक्ष्म गळती ठेवतो आणि पुढे हवेची तक्रार तिथूनच सुरू होते. एक सिलिंडर गेला असेल आणि दुसराही तितक्याच वयाचा असेल तर दोन्हींचे काम एकत्र करावे. एकाला नवा जोर आला की दुसऱ्याचे थकलेले सील लवकरच दगा देते.

नवा किंवा किट टाकलेला मास्टर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच भरून घ्यावा. व्हाइसमध्ये हलका धरून टाकीत ऑइल ओतायचे, बाहेर जाणाऱ्या तोंडावर बोट ठेवायचे, पिस्टन आत ढकलताना बोट सैल सोडायचे आणि तो परत येताना दाबायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हे केले की हवा काढण्याचा निम्मा त्रास कमी होतो.

हवा काढण्याची नेहमीची रीत दोघांची आहे. स्लेव्हच्या ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचे. वरच्याने पेडल सावकाश पूर्ण दाबून धरायचे, खालच्याने निपल अर्धा आटा उघडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, निपल बंद करायचा, आणि बंद झाल्याचे ओरडून सांगितल्यावरच पेडल सोडायचे. पेडल वर आल्यावर काही सेकंद थांबावे, म्हणजे टाकीतून ऑइल खाली भरते. घाईने पंप मारला तर हवेचे मोठे बुडबुडे फुटून फेस होतो आणि तो काढणे फार चिवट काम असते. टाकीतली पातळी दर चार-पाच दाबांनंतर बघावी. टाकी एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सगळ्या कामाला अर्धा लिटर ऑइल जवळ असावे. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात. तिथे पातळी खाली गेली तर ब्रेकमध्येही हवा शिरते, म्हणून दुप्पट सावध राहावे.

बऱ्याचदा वीस-पंचवीस वेळा करूनही पेडल जमिनीलाच टेकते. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. मास्टर वर आणि स्लेव्ह खाली असतो. हवा वर चढू पाहते आणि आपण तिला खाली ओढतो. एका दाबात जाणारे साडेआठ मिलिलिटर ऑइल नळीतला बुडबुडा थोडा खाली नेते, पाय उचलताच तो पुन्हा वर सरकतो. शिवाय नळीला कुठे उंचवटा असेल तर बुडबुडा तिथेच ठाण मांडतो. अशा वेळी उलटी रीत उत्तम चालते. टाकी अर्धी उपसायची, ५० मिलिलिटरच्या स्वच्छ सिरिंजमध्ये ताजे ऑइल भरायचे, सिरिंजची नळी निपलला लावण्याआधी तीही ऑइलने भरून घ्यायची, निपल उघडून ऑइल सावकाश वर ढकलायचे. हवा तिच्या नैसर्गिक दिशेने, म्हणजे टाकीकडे जाते. टाकीत बुडबुडे उठताना दिसतात. एकट्याने काम करणाऱ्यालाही हीच रीत सोयीची. मात्र पेडल पूर्ण वर असले पाहिजे, नाहीतर मास्टरमधले टाकीकडे जाणारे छिद्र बंद राहते आणि ऑइलला वाट मिळत नाही.

आणखी दोन गोष्टी बघाव्यात. स्लेव्ह उलटा बसवला गेला असेल तर निपल खाली आणि नळीचे तोंड वर येते, आणि मग सिलिंडरमधली हवा कधीच निघत नाही. निपल वरच हवा. दुसरे, स्लेव्हचा पिस्टन बाहेर आलेल्या अवस्थेत त्याच्यामागे मोठी पोकळी राहते आणि हवा तिथे दडते. दोन बोल्ट काढून स्लेव्ह सुटा करावा, निपल वर येईल असा धरून पिस्टन पूर्ण आत दाबावा, म्हणजे हवा वर निघून जाते. तरीही किंचित मऊपणा उरला तर पेडल लाकडाच्या दांडक्याने दाबलेल्या स्थितीत रात्रभर अडकवून ठेवावे. सकाळी सोडल्यावर उरलेले बारीक बुडबुडे वर निघून गेलेले असतात. ही युक्ती जुन्या गॅरेजमधली आहे आणि ती खरोखर चालते.

मास्टरचा पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात थोडी मोकळीक ठेवावी लागते. डिफेंडरमध्ये ती सुमारे दीड मिलिमीटर असते. क्लच लवकर सुटावा म्हणून काही जण ही मोकळीक संपवतात. त्याने टाकीकडचे छिद्र झाकले जाते. ऑइल तापून फुगले की त्याला जागा मिळत नाही, स्लेव्ह थोडा दाबलेलाच राहतो आणि चढावर क्लच स्लिप होऊन जळतो. चाचणी थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत घ्यावी. इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबलेले, पाच सेकंद थांबून रिव्हर्स. आवाज न होता गिअर पडला पाहिजे. मग गाडी अर्धा तास चालवून इंजिन आणि गिअरबॉक्स गरम झाल्यावर हेच पुन्हा करावे, कारण थंड असताना लपलेला दोष तेव्हा उघड होतो. दुसऱ्या दिवशी सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून ओल आहे का ते बघावे. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नये. बाटलीत भरून जळके तेल घेणाऱ्याकडे, पण इंजिन ऑइलपासून वेगळे, द्यावे.

काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेला असतो आणि रिलीज बेअरिंग त्याच्याच तोंडावर असते. १९८७ चे मॉडेल म्हणून आलेल्या जीप रँग्लरच्या सुरुवातीच्या गाड्यांत असाच होता. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय इलाज नाही, म्हणून क्लच प्लेट बदलताना तो चांगला दिसला तरी सोबत बदलावाच. नवा बसवल्यावर गिअरबॉक्स पूर्ण जोडल्याशिवाय पेडल दाबू नये. समोर प्रेशर प्लेट नसेल तर पिस्टन मर्यादेबाहेर जातो. नंतरच्या रँग्लर टीजेमध्ये मास्टर, नळी आणि स्लेव्ह हा संच ऑइल भरून सीलबंद येतो. तो आख्खाच बदलायचा असतो, उघडून हवा काढण्यासाठी तो बनवलेला नाही.

वाटेत क्लच गेला तर आधी टाकी भरून पाहावी. गळती संथ असेल तर दर काही किलोमीटरला भरत जवळच्या गावापर्यंत पोहोचता येते, म्हणून लांबच्या वाटेवर एक लिटर डॉट-४, निपलला बसणारी नळी आणि स्लेव्हचे किट सोबत असावे. ऑइल अजिबात राहत नसेल तर इंजिन बंद करून ट्रान्सफर केस लो रेंजमध्ये घ्यावा, पहिला गिअर टाकावा आणि स्टार्टरनेच गाडी चालू करावी. गाडी हळू उचलते आणि इंजिन सुरू होते. पुढे गिअर बदलताना अॅक्सिलरेटर सोडून गिअर न्यूट्रलला आणावा, इंजिनाचा वेग जुळला की पुढचा गिअर हलक्या हाताने आत जातो. थांबायचे झाल्यास न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून थांबावे. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणाऱ्या नव्या गाड्यांत पेडल दाबूनच स्टार्टर मारावा लागतो. क्लच सुटतच नसल्याने गाडी तशीही पुढे सरकते, त्यामुळे समोर मोकळी जागा आणि ब्रेकजवळ पाय, दोन्ही असल्याची खात्री आधी करावी.